गुरव बंधूंच्या आवाजातून जाणारी वाट

आमच्या शिरगुणी गावात माणूस वारला की त्याचा गाता आवाज वारसांच्या नावे लागतो, आणि त्याची नोंद तलाठी कार्यालयात जमिनीच्या कपाटाशेजारच्या कपाटात असते. बोलायचा आवाज ज्याचा त्याचा, त्याला कागद लागत नाही. गाता आवाज मात्र एका घरात एकच असतो, आणि तो एका वेळी एकाच गळ्यात राहतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. तेव्हा आम्ही त्यांना विचारतो, मग तुमच्याकडे आवाजाची वाटणी कशी करता?

मी यात्रा समितीचा सचिव. छत्तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे गाव मला गुरुजी म्हणतं. या वर्षी सिद्धोबाच्या यात्रेत गुरव बंधूंचं गाणं ठेवायचं ठरलं. शिवलिंग आणि महालिंग, दोघंही माझे विद्यार्थी. एकोणीस वर्षांपूर्वी पुण्याला गेले, नाव काढलं, आणि त्यानंतर गावात गायला म्हणून कधी आले नाहीत. दोघांत मिळून आवाज एकच, त्यांच्या वडिलांचा, तात्या गुरवांचा. शिवलिंगनं आवंढा गिळला की तो महालिंगकडे जातो, महालिंगनं गिळला की परत येतो. त्यामुळे त्यांच्या जुगलबंदीत एकाचा सूर दुसऱ्याच्या सुरावर कधी पडत नाही. शहरातले समीक्षक याला ‘विलक्षण सामंजस्य’ म्हणतात. शिवाय दोघं वरच्या ‘सा’च्या पुढे कधी जात नाहीत, त्याला ‘संयमी गायकी’ म्हणतात. ती सगळी कात्रणं आम्ही समितीच्या खोलीत चिकटवली आहेत.

समितीची अट एकच होती. कार्यक्रमात तात्यांची प्रभाती झाली पाहिजे. तात्या दर यात्रेला पहाटे देवळाच्या पायरीवर बसून ती म्हणायचे. शेवटच्या ओळीत त्यांचा आवाज वरच्या ‘सा’वरून आणखी वर जायचा आणि तिथंच राहायचा. ज्यांनी ती ऐकली आहे, ती माणसं अजून तिच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. मीही ऐकली आहे.

गावच्या हद्दीत गायचं तर परवानगीच्या अर्जाला आवाजाचा उतारा जोडावा लागतो. आधीचे तलाठी न वाचता शिक्का मारायचे. आताच्या डोईफोडे मॅडम वाचतात.

“गुरुजी, या आवाजाला तीन नावं आहेत,” त्या म्हणाल्या.

“तिसरं शेवंताचं. दोघांची थोरली बहीण. तिनं हक्कसोड दिलंय, मॅडम. साक्षीदार म्हणून माझीच सही आहे.”

“दिलंय. पण सगळ्याचं नाही.”

त्यांनी दस्त माझ्यापुढे सरकवला. तो भाऊबीजेच्या दिवशीचा होता. आमच्याकडे ही रीतच आहे. बहीण भावांना ओवाळते, भाऊ ताटात साडी ठेवतात, आणि निरांजन विझायच्या आत वडिलांच्या मिळकतीवरचा हक्क सोडल्याचा कागद बहिणीपुढे येतो. बहीण सही करते. मग सगळे फराळाला बसतात. शेवंतानंही सही केली होती, आणि मी दोन करंज्या खाल्ल्या होत्या.

कागदात चतुःसीमेचा रकाना असतो. आवाज कुठून कुठवर, असं दस्त लिहिणाऱ्यानं त्या दिवशी विचारलं होतं. शिवलिंगला पुण्याची गाडी गाठायची होती. चौथ्या वर्षापासून गाणं शिकलेला माणूस झोपेतही जे सांगेल तेच त्यानं सांगितलं: ‘सा’पासून ‘सा’पर्यंत. लिहिणाऱ्यानं तसंच लिहिलं. तात्यांचा आवाज वरच्या ‘सा’च्या पलीकडे आणखी चार सूर जात होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते चार सूर आजही शेवंताच्या नावावर होते.

“चार सुरांचं काय एवढं, मॅडम?”

“चार गुंठे असते तर असं म्हणाला असतात का, गुरुजी?”

म्हणालो नसतो. मॅडमनी ना-हरकतीचा कोरा नमुना दिला आणि शेवंताची सही आणायला सांगितली.

शेवंता देवळामागे पिठाची गिरणी चालवते. साठी झाली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही पोरी सासरी. मी गेलो तेव्हा कुणाचीतरी ज्वारी चालू होती. ती संपेपर्यंत तिनं मला पोत्यावर बसवलं, मग पट्टा उतरवला. मी सगळं समजावून सांगितलं. तिला काडीचंही नवल वाटलं नाही.

“व्हय, चार सूर येत्यात मला,” ती म्हणाली. “तात्या गेल्यापास्नं. गिरणीचा आवाज असला की म्हणत असते. खालचं काईच येत न्हाई. मला वाटलं, उरलंसुरलं असंल.”

“मग त्या चारांचं तुला काय करायचंय? देऊन टाक भावांना.”

“वरच्या चार पायऱ्या माझ्या आन् खालचा जिना त्यांचा. मला काय करता येतंय?” तिनं पदरानं भुवयांवरचं पीठ पुसलं. “गुरुजी, तात्यांची प्रभाती मला एकडाव म्हणायची हाय. पुरी, खालपास्नं वरपतुर. तात्या जिवंत व्हते तवा आवंढा गिळून आवाज आमाला द्यायचे, पाळीपाळीनं. ती प्रभाती त्यांनी मला आधी शिकवली, भावास्नी मागनं. एकोणीस वर्सं मनात म्हणतीय. मनातलं कुणालाच ऐकू येत न्हाई. मलाबी न्हाई.”

मला फार वाईट वाटलं. त्या करंज्या मी खायला नको होत्या. ना-हरकतीचा कागद मी तिच्याकडे ठेवला आणि घरी आलो.

यात्रेच्या दोन दिवस आधी दोघं भाऊ आले. चावडीत बैठक भरली. शिवलिंग अंगानं भरला आहे, रेशमी झब्बा घालतो. महालिंग अजून काटकुळा आहे आणि त्याच्याकडे दोन फोन आहेत. शेवंता आली. ना-हरकत तशीच कोरी होती. त्या कागदाच्या मागच्या बाजूला शेवंतानं स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला होता. ती सातवीपर्यंत शिकली आहे, अक्षर माझ्या हाताखालचं आहे. ‘माझ्या मालकीच्या चार सुरांकडे जाण्यास वाट नाही. मध्ये भावांचा आवाज आहे. तरी वहिवाटीची वाट मिळावी.’

ज्याचं रान दुसऱ्याच्या रानाआड आहे, त्याला वाट द्यावी लागते, हे शिरगुणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“वाट द्यावी लागेल,” मॅडम म्हणाल्या.

“अहो, हा आवाज आहे मॅडम,” महालिंग म्हणाला. “आम्ही त्यात रोज रियाज करतो.”

“उभं पीक असलं तरी वाट देतात.”

“अक्का, तू असं करशील वाटलं नव्हतं.”

“मी काय क्येलंय, म्हाद्या? तुज्या आवाजात घर बांधतीय का? जाऊन यायचंय निस्तं.”

मॅडमनी शिवलिंगला विचारलं, “वरच्या सुरांकडे जायला दुसरी कुठली बाजू आहे का?”

शिवलिंगनं प्रामाणिकपणे विचार केला. गाण्याच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही. “नाही,” तो म्हणाला. “खालूनच जावं लागतं.”

आदेश तिथंच झाला. सूर्योदयाला वाट खुली राहील. त्या वेळी आवाज शेवंताच्या गळ्यात असेल. भावांच्या हद्दीतून फक्त जायचं आणि यायचं. तिथल्या कुठल्याही सुरावर थांबायचं नाही, ताना घ्यायच्या नाहीत, काही मोडायचं नाही. स्वतःच्या चार सुरांत मालकानं हवं तेवढं थांबावं. स्थळपाहणी यात्रेच्या सकाळीच करायची, पंच म्हणून मी.

यात्रेच्या सकाळी मांडव भरला होता. गुरव बंधू तानपुरे जुळवून बसले. शेवंता त्यांच्या मधोमध बसली. न्हाऊन आली होती, तरी कानामागे थोडं पीठ राहिलं होतं. डोंगरावर सूर्याची कड दिसली, मॅडमनी मान हलवली. महालिंगनं आवंढा गिळला. मग शिवलिंगनंही गिळला, आणि बराच वेळ डोळे मिटून घेतले.

शेवंतानं प्रभाती सुरू केली. खालच्या सुरांवर ती कुठंच थांबली नाही. दुसऱ्याच्या उभ्या शाळू-ज्वारीतून जाताना बाई निऱ्या आवरून घेते आणि ताटाला धक्का लागू देत नाही, तशी ती गेली. एकाही सुराला तिनं गरजेपेक्षा जास्त हात लावला नाही. वरच्या ‘सा’शी आली, तो ओलांडला, आणि स्वतःच्या हद्दीत जाऊन उभी राहिली.

मग ती तिथं राहिली. शेवटची ओळ पहिल्यांदा म्हटली, दुसऱ्यांदा म्हटली, पुढं मी मोजलं नाही. पन्नाशीच्या पुढची माणसं एकेक करून उठून उभी राहिली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी पंच होतो, मला रडायचं नव्हतं, पण रडलो. मॅडमनी पाहणीच्या कागदावर लिहिलं: ‘अर्जदार स्वतःच्या क्षेत्रात. तक्रार नाही.’

महालिंग सारखा घड्याळाकडे बघत होता. शिवलिंग माझ्याकडे सरकला.

“गुरुजी,” तो कानाशी म्हणाला, “एकोणीस वर्षं मी त्या ‘सा’पर्यंत जाऊन परत येतोय. मला वाटायचं माझाच दम कमी पडतो. डॉक्टरला दाखवलं. गुरू बदलला.”

“अरे, तुझ्या मालकीचंच नव्हतं ते.”

“तेच म्हणतो मी. मला कुणी सांगितलंच नाही.”

साडेसातच्या सुमारास शेवंता खाली उतरली, कारण गिरणीवर लोकांचे डबे येऊन पडले होते. आली त्याच वाटेनं, कुठंही न थांबता, आणि खालच्या ‘सा’वर आवंढा गिळून आवाज भावांच्या स्वाधीन केला. मग गुरव बंधूंचं गाणं झालं. चांगलं झालं. फक्त दर वेळी ते वरच्या ‘सा’ला पोचून मागं फिरले की आता मांडवातल्या सगळ्यांना तिथला बांध दिसत होता. ‘वा’ म्हणायला उचललेले हात लोक हळूच मांडीवर ठेवत होते.

दुपारी शेवंताकडे जेवण होतं. तिनं सांज्याच्या पोळ्या केल्या होत्या. जेवण झाल्यावर शिवलिंगनं झब्ब्याच्या खिशातून कागद काढला. गाणं संपताच जाऊन त्यानं तो लिहून घेतला होता. स्वतःच्या वाट्याचा सगळा आवाज तो अक्काच्या नावे सोडत होता. महालिंगला हे माहीत नव्हतं. त्याच्या हातातली पोळी हातातच राहिली.

शेवंतानं कागद सावकाश वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“न्हाई शिवा. तुमची प्वाटं त्याच्यावर हाईत. माझं मला हाय तेवढं रग्गड झालं. वाट तेवढी अडवू नगंस.”

“नाही अडवणार, अक्का.”

“तसं नव्हं. अडवत कुणीच न्हाई. दरसाल बांधाकडनं थोडी थोडी नांगरत येत्यात, आन् एक दिस वाटच ऱ्हात न्हाई.”

“नांगरणार नाही.”

“म्हाद्यालाबी सांग.”

महालिंगनं तोंडातला घास संपवून मान डोलावली. संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत गेले.

मॅडमनी नोंद घालताना सांगितलं की वहिवाटीची वाट एका दिवसाची नसते. तेव्हापासून शेवंता रोज सूर्योदयाला गिरणीच्या दारात बसते आणि वर जाऊन येते. आवाज कुणाच्या ताब्यात, हे कागदावर ठरतं, अंतरावर ठरत नाही. त्यामुळे भाऊ पुण्यात असोत की दिल्लीत, त्या वेळी त्यांचा गळा रिकामा असतो. गुरव बंधू आता सकाळचे कार्यक्रम घेत नाहीत. समीक्षकांनी याला ‘सायंकालीन रागांवरची निष्ठा’ म्हटलं आहे. ते कात्रणही आम्ही चिकटवलं.

परवा शिवलिंगचा फोन आला होता. पुढच्या यात्रेच्या तारखांचं बोलणं झाल्यावर मी त्याला विचारलं, “सकाळचा त्रास होतो का रे?”

“नाही,” तो म्हणाला. “मी लवकर उठतो, चूळ भरतो आणि बसून राहतो. गळ्यातून कुणीतरी वर चाललंय हे समजतं. अक्काचे पाय हलके आहेत.” मग हळूच म्हणाला, “एक सांगू का? मॅडमना कळू देऊ नका. हल्ली ती मध्येच माझ्या गंधारावर थोडी थांबते.”

“ते आदेशात बसत नाही,” मी म्हणालो. “तक्रार करायची आहे का?”

“छे हो, गुरुजी. चढ आहे तिथं, आणि तिचं वय झालंय. थांबू दे.”