इंजिनाला नारळ

सगळं जग दसऱ्याला गाडीच्या पुढे नारळ फोडतं. मी यंदा मागे फोडला. आमच्या छोट्या गाडीचं इंजिनच मागे आहे, आणि देवाचं काम कसं जागच्या जागी व्हावं! (कारकून माणूस, अर्ज योग्य टेबलावरच गेला पाहिजे.) इंजिनावरचं झाकण उघडलं, हळद-कुंकू, झेंडू वाहिला आणि नारळाचं पाणी सढळ हाताने आत शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावद्याहून शिरपूरला निघालो. मेहुण्याच्या मुलीचा, ज्योत्स्नाचा, साखरपुडा अकराला. अंगठी आमच्या हिच्या, म्हणजे नूतनच्या, पर्समध्ये. चोपड्याच्या अलीकडे गाडी अशी थरथरायला लागली की नूतनच्या बांगड्या आपोआप वाजू लागल्या. चढावर तर एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. (वर वळून हसला मेला!)

"दोन सिलिंडर आहेत, त्यातला एक झोपलाय," मी म्हणालो.

"मग उठवा ना! अंगठी वेळेत नाही पोचली तर भाऊ मला जन्मभर ऐकवेल."

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन सुरूच ठेवून, फडक्यात धरून, एका प्लगची वायर ओढली. इंजिन गपकन बंद!

"सापडला! हाच बिघडलाय!"

"अहो, हा काढल्यावर गाडी बंद पडली ना? मग हाच बिचारा एकटा ओढत होता की!"

मी विचार केला. (दोन मिनिटं लागली.) वायर परत लावून गाडी सुरू केली. तेवढ्यात हिने बाटलीतलं पाणी बोटांनी दोन सिलिंडरांच्या धुराच्या दोन नळ्यांवर शिंपडलं, कळण्याच्या भाकरीआधी तव्यावर शिंपडते तसं. एक नळी चर्र वाजली. दुसरी गप्प.

"हा तवा तापलाच नाही," नूतन म्हणाली.

गाडी बंद करून त्या बाजूच्या प्लगची टोपी उपटली. खळग्यात पाणी, आणि त्यात झेंडूची पाकळी तरंगत होती. नूतनने ती पाकळी चिमटीत उचलून माझ्या नाकासमोर धरली. मग माझ्या नव्याकोऱ्या उपरण्याने तिने तो खळगा पुसून काढला.

त्यानंतर गाडी काय पळाली म्हणता! पावणेअकराला आम्ही मांडवात. अंगठी वेळेवर नवरदेवाच्या बोटात गेली आणि सगळा किस्सा नूतनच्या तोंडून मांडवभर.

जेवताना सासरे, पितांबरआबा, माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी पेल्यात बोटं बुडवली, माझ्या कपाळावर पाणी उडवलं, कान लावून नीट ऐकलं आणि हाक मारली,

"नूतन, हाऊ तवा बी थंडा शे!"