सामान्य वापरातली बिजागरी

जगात वेळ पाळणारी एकच जात आता उरली आहे, ती म्हणजे वॉरंटी संपलेल्या वस्तूंची. माणसं उशिरा येतात, गाड्या उशिरा सुटतात, पगारसुद्धा कधी कधी वाटेत रेंगाळतो. पण हमीची मुदत संपावी आणि वस्तूने अंग टाकावं, यात सहसा कसूर होत नाही. मोडणारी वस्तू कुणीही बनवू शकतं. ती मुदतीआधी मोडू नये आणि मुदतीनंतर टिकू नये, तेवढ्या फटीत बरोबर मोडावी, याला मात्र विद्या लागते. असे विद्वान कारखान्यांत खाली मान घालून काम करत असतात आणि त्यांचा कुठे सत्कार झाल्याचं ऐकिवात नाही.

गोडबोल्यांच्या घरातल्या लॅपटॉपची बिजागरी या विद्येचा अस्सल नमुना होती. वॉरंटी रविवारी संपली. रविवारी सुट्टी म्हणून बिजागरीने काही केलं नाही. सोमवारी सकाळी झाकण उचलताच उजवीकडून 'कट्' असा आवाज आला, कोपऱ्यातलं प्लॅस्टिक शिंपल्यासारखं उघडलं आणि आतून एक बारीक स्क्रू टेबलावर पडून गडगडत कपाटाखाली गेला.

गोडबोले हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत ग्राहक समाधान विभागात होते. 'नाही' हा शब्द तोंडातून न काढता नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून विभागाने त्यांना हे नाव दिलं आणि पुढे ते घरापर्यंत आलं. ज्यांच्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी साचलेलं असे, अशी माणसं त्यांच्याशी बोलून फोन ठेवत तेव्हा त्यांना हलकं वाटत असे. (पाणी तिथेच असे.) विभागाच्या आकडेवारीनुसार शंभरातल्या नव्याण्णव ग्राहकांनी मशीनचा 'सामान्य वापर' केलेला नसतो आणि उरलेल्या एकाची पावती हरवलेली असते.

लॅपटॉप बायकोचा होता. ती कपाटं, खण, दारं यांचे आराखडे काढायची. सासूबाईंच्या आजारपणात तिने नोकरी सोडली. सासूबाई बऱ्या झाल्या. नोकरी काही परत आली नाही. अर्ज करून करून तिची बोटं दुखली, तेव्हा कुठे फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीने गुरुवारी मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत पडद्यावर व्हायची होती. मोबाइलवर भागलं असतं, पण जुने आराखडे फिरवून फिरवून दाखवायचे होते आणि ते या लॅपटॉपखेरीज कुठेही उघडत नव्हते.

"उघडलाच कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "बंद होता तोवर बरा होता ना." (या प्रश्नाचं उत्तर अजून कुठल्याही इंजिनिअरला देता आलेलं नाही.)

"काही काळजी करू नकोस," गोडबोले बायकोला म्हणाले. "मी फोन करतो. आपलाच धंदा आहे."

फोन एका तरुण मुलीने उचलला. तिचा आवाज मलमासारखा होता. गोडबोल्यांनी झालेली हकिगत सांगितली.

"सर, मी तुमची अडचण समजू शकते," ती म्हणाली.

गोडबोले खुर्चीत सावरून बसले. 'समजते' नव्हे, 'समजू शकते'. म्हणजे क्षमता आहे, पण वापरायची की नाही ते तिच्या हातात. हे बारकावे शिकवून येत नाहीत.

"वॉरंटी कालच संपली हो," ते म्हणाले.

"हो सर. वॉरंटीच्या काळात तुम्हाला काहीच त्रास झाला नाही, याचा आम्हाला आनंद आहे."

गोडबोल्यांच्या तोंडून नकळत "वा" निघून गेलं. पलीकडे बसलेल्या बायकोने मान वर केली.

"पण बिजागरी रोज उघडझाप केली की मोडायला नको ना," ते घाईघाईने म्हणाले.

"बरोबर आहे सर. सामान्य वापरात मोडत नाही. तुम्ही झाकण कसं उचलत होता?"

"हाताने."

"एका की दोन्ही?"

गोडबोल्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी स्वतः किती जणांना घातला होता. मशीनमध्ये कपडे एकदम टाकले की एकेक, असं विचारलं की भले भले गडबडतात. पुढे मुलीने त्यांना सांगितलं की सामान्य वापर म्हणजे सपाट पृष्ठभागावर, दोन्ही हातांनी, मधोमध धरून, सारखा जोर लावून, घाई न करता झाकण उचलणं. तशा रीतीने उचलल्यावरही मोडलं, तर ते मोडणं असामान्य असल्यामुळे सामान्य वापरात बसत नाही.

"सर, तुमच्या तक्रारीचं मी पूर्ण निराकरण केलं आहे. तक्रार बंद करू का?"

इथे दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण तक्रार उघडी राहिली की महिनाअखेरीला त्या मुलीला कोण काय बोलेल, हे गोडबोल्यांना ठाऊक होतं. शिवाय एवढं देखणं काम आपल्या हातून विस्कटायला त्यांचं मन होईना. "करा," ते म्हणाले आणि त्यांनी तिला शुभेच्छा दिल्या.

"झालं समाधान?" बायकोने विचारलं.

"तक्रारीचं तरी झालं. काय मुलगी आहे पण. आमच्याकडे हवी होती."

बायको उठली. लॅपटॉप पिशवीत घालून तीच दुरुस्तीच्या दुकानात गेली. गोडबोले मागून गेले, कारण घरी थांबणं त्याहून अवघड झालं असतं.

दुरुस्तीवाला पोट सुटलेला आणि कायम प्रसन्न असा गृहस्थ होता. मोडक्या वस्तू पाहिल्या की त्याच्या चेहऱ्यावर पाहुणे आल्याचा आनंद दिसे. त्याने झाकण हलवलं, डावीकडे कान लावला आणि म्हणाला, "एकच गेलीय. दुसरी पण जाईल. त्या जोडीनेच जातात." भाग बाहेरून मागवावा लागेल, तो गुरुवारच्या आत येणार नाही, आणि आला तर तो याच लॅपटॉपचा असेलच असं नाही. त्यापेक्षा नवा घ्यावा. त्याच्या मागे फळीवर नवे लॅपटॉप झाकणं वासून उभे होते.

"याची बिजागरी टिकेल का?" बायकोने एकाकडे बोट दाखवून विचारलं.

"वॉरंटीत आहे ना," दुरुस्तीवाला म्हणाला.

मग मंगळवार-बुधवार घरगुती उपचारांत गेले. गोंद लावून झाला. त्याने झाकण सोडून गोडबोल्यांचा अंगठा पक्का धरला. चिकटपट्टी लावली, ती उष्णतेने सुटली. शब्दकोशाला टेकवून ठेवलं, तर झाकण हळूहळू मागे कलून कॅमेऱ्यात नुसतं छत दिसायला लागलं. शेवटी लक्षात आलं की पडदा एका ठरावीक कोनातच उजळतो, केसभर मागेपुढे झाला की काळा पडतो. आणि तो कोन धरून ठेवायला हाताइतकं चांगलं साधन अजून निघालेलं नाही.

गुरुवारी बायको इस्त्रीचा कुडता घालून टेबलाशी बसली. टेबलापलीकडे, पडद्यामागे, गोडबोले उशीवर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी, मधोमध, सारखा जोर लावून झाकण धरून राहिले. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. समोर होतं ते झाकणावरचं कंपनीचं चकचकीत चिन्ह आणि त्यात वाकडं उमटलेलं स्वतःचं नाक.

मुलाखत घ्यायला दोघं होते: माणसं नेमणाऱ्या विभागाच्या बाई आणि कारखान्याचे प्रमुख. बायकोने आराखडे दाखवले. सुरुवातीला ती तुटक बोलत होती, पण खणांच्या सांध्यांवर आल्यावर तिचा आवाज मोकळा झाला. गोडबोले ऐकत राहिले. इतक्या वर्षांत तिने आपल्या कामाबद्दल एवढं सलग बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. घरी ती बोलायला लागली की नेमका कुणाचा तरी मशीनबद्दल फोन यायचा. त्यांचे खांदे भरून आले होते. तरी त्यांनी कोन सोडला नाही.

"मध्ये बराच खंड दिसतोय," बाई म्हणाल्या.

"घरात आजारपण होतं. आता नाही."

"हं." कागद चाळल्याचा आवाज आला. "तुमचं काम फारच छान आहे. तुमच्याशी बोलून खूप आनंद झाला. सगळ्या बाबी लक्षात घेऊन आम्ही तुम्हाला नक्की कळवू."

गोडबोल्यांनी कान टवकारले. हे वाक्य ते दिवसातून कितीदा तरी म्हणत. 'छान'च्या आधीचा 'फारच' आणि 'कळवू'च्या आधीचा 'नक्की' हे धंद्यातले हुकमी दागिने होते. ते घालून पाठवलेला माणूस परत येत नाही. बायकोला हे कळलं नसणार. ती तिकडे "थँक यू" म्हणत असणार, आणि रात्री मोबाइल उशाशी घेऊन झोपणार, आणि उद्याही, आणि परवाही. आयुष्यात पहिल्यांदाच गोडबोल्यांच्या तोंडून तो शब्द उघडा बाहेर पडला.

"म्हणजे नाही," ते म्हणाले. जरा मोठ्यानेच.

बाई कॅमेऱ्याजवळ सरकल्या.

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

बायकोने पापणीही हलवली नाही. "माझी बिजागरी."

"काय?"

"लॅपटॉपची मोडली. त्या जागी नवऱ्याला बसवलंय."

कारखान्याचे प्रमुख पहिल्यांदाच बोलले. "वॉरंटीत आहेत का?"

"केव्हाच संपली," बायको म्हणाली.

प्रमुख इतके हसले की त्यांचाच कॅमेरा हलला. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं की नेमकं मोडलं काय. बायकोने शेजारचा कागद ओढला, बोलता बोलता त्यावर आकृती काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. बिजागरी पोलादाची आहे, तिला काही झालेलं नाही. पण तिचे स्क्रू नखाएवढ्या प्लॅस्टिकात रोवलेत. दार भक्कम आणि चौकट पुठ्ठ्याची, असा प्रकार. "मागून पत्र्याची पट्टी घालून स्क्रू आरपार नेला असता, तर हे माझ्या सासूबाईंइतकं टिकलं असतं."

"किती वय त्यांचं?"

"सांगत नाहीत."

प्रमुख गंभीर झाले. त्यांच्या कपाटांची दारं हमीची मुदत संपायच्या आतच निखळत होती, आणि तो कारखान्याचा मोठा घोर होता. दुसऱ्याच दिवशी बायकोला नेमणूक मिळाली. बाईंनी जाता जाता गोडबोल्यांचीही चौकशी केली. 'नाही' इतक्या लांबून ओळखणारा माणूस त्यांना आपल्या तक्रार विभागात हवा होता. यथावकाश तेही तिथे रुजू झाले.

बायकोने पहिलंच काम जीव ओतून केलं. तिच्या बिजागरीचं दार उघडझाप करून पाहणारं एक यंत्र कारखान्यात होतं. बिजागरी शाबूत राहिली आणि यंत्र मोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रमुखांनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"उत्तम झालंय," ते म्हणाले. "जरा जास्तच. हमीपर्यंत टिकावं, हा ग्राहकाचा हक्क. त्यानंतरही टिकावं असा आपला आग्रह का? उद्या कपाट कुणी दुसऱ्यांदा घेणार नाही. मग हा कारखाना कशावर चालायचा, आणि आपण दोघं?"

त्या दिवशी ती घरी आली आणि चप्पलही न काढता खुर्चीत बसली. गोडबोल्यांना सगळं सांगून म्हणाली, "काय करू?"

"मी तुझी अडचण समजू शकतो," गोडबोले म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.  सासूबाई आतून म्हणाल्या की बिल भरायचं आहे, नंतर वीज तोडली म्हणून ओरडू नका.

काही दिवस तिने पेन्सिलीला हात लावला नाही. नंतर एका सकाळी आराखडा समोर घेऊन तिने स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा आखूड केला आणि पत्र्याची पट्टी खोडून टाकली. खोडताना कागद थोडा फाटला. प्रमुखांनी त्याला 'सुधारित आवृत्ती' म्हटलं. कंपनीने तिला नवा लॅपटॉपही दिला.

त्या बिजागरीचं कपाट अफाट खपलं. तुमच्याकडे आहे ते तेच. उजवं दार थोडं झुकलंय, उघडताना ते तुम्ही गुडघ्याने वर उचलता, आणि आलेल्या-गेलेल्याला सांगता की हल्ली लाकूडच तसं येतं. फोन केलात तर गोडबोलेच उचलतील. मागच्या वेळीही त्यांनीच उचलला होता. तुम्ही त्यांना पाच तारे दिलेत, आणि खाली लिहिलंत: 'अशी माणसं आता राहिली नाहीत.'