सोवळा अभ्यासदौरा

मस्कतच्या मराठी माणसाने परदेशात काय पाहावं, किती पाहावं आणि त्यातलं काय तोंडात घालावं, हे मंडळ म्हणून तुम्ही ठरवता. हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, ते मात्र कधी सांगत नाही. तुमचं नाव इथे घेतलेलं नाही. घेतलं तर तुम्ही ते कौतुकाने कात्रण करून स्मरणिकेत छापाल.

कोणत्याही देशाच्या खाद्यजीवनाचा निःपक्षपाती अभ्यास करायचा, तर अभ्यासकाने तिथलं काहीही खाल्लेलं नसावं. खाल्लं की आवडनिवड आली, आवडनिवड आली की न्याय गेला. याच तत्त्वावर २००६ सालच्या ईदच्या सुट्टीत मंडळाने ग्वांगझूचा दौरा काढला. विषय होता 'चिनी महानगरातील वस्त्या व खाद्यजीवन'. मस्कतच्या रुवी भागातून निघताना सामानात भाजणी, मेतकूट, तीन प्रकारची लोणची, दोन प्रेशर कुकर (पैकी एक राखीव) आणि इसबगोल होतं. चीनवरचं पुस्तक एकही नव्हतं. पूर्वग्रह नको म्हणून.

वाटाड्या म्हणून मजीदभाईंना घेतलं. मूळचे रत्नागिरीचे, रुवीत दिव्यांचं दुकान, माल आणायला ग्वांगझूच्या सतत खेपा. त्यांना चिनी आकडे, चिनी शिव्या आणि चिनी घासाघीस अशी तिन्ही शास्त्रं अवगत होती. मंडळाला त्यातलं काही लागणार नव्हतं, कारण मंडळ बसमधून उतरणारच नव्हतं.

वस्त्यांचा अभ्यास काचेतून झाला. काचा बंद ठेवल्या होत्या. वास हासुद्धा एक प्रकारचा आहारच आहे, असा खाद्य उपसमितीच्या प्रमुख किशोरीताईंचा निर्णय होता. जुन्या शहरातली घरं फुटपाथवर पुढे आलेली, खाली दुकानं, वर वाळत घातलेल्या चड्ड्या. (निष्कर्ष : साधी राहणी.) एका बाजारात टोपलीभर जिवंत बेडूक. (निष्कर्ष : काढण्यात आला नाही.) संध्याकाळी हॉटेलच्या न्हाणीघरात खिचडी शिजली, तेव्हा आगीची घंटा वाजली आणि मॅनेजर धावत आला. त्याला समजूत म्हणून मेतकूट-भात देण्यात आला. त्याने तो खाल्ला. चिनी माणूस काहीही खातो, हे त्यामुळे जागच्या जागी सिद्ध झालं.

या अभ्यासकांत मस्कतच्या माबेला वस्तीतल्या अनुसयाबाई होत्या. नवरा भगवानराव रुवीत इंजिनिअर. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात अनुसयाबाईंच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सगळ्यात आधी रिकामा होई. मंडळात जात कोणी विचारत नाही. (गाव विचारतात. गावावरून उलगडा झाला नाही, तर गावात घर कुठल्या बाजूला, ते विचारतात.) या प्रश्नाला भगवानरावांनी 'एसटी स्टँडजवळ' असं उत्तर बसवून ठेवलं होतं. घरी वजडी (जनावराचं पोट) शिजायची ती खिडक्या लावून, पंखा सोडून, उदबत्ती पेटवून. वर्षानुवर्षं माबेल्यात कोणाला पत्ता नव्हता. अनुसयाबाईंना आता उदबत्तीच्या वासानेच भूक लागत असे.

तिसऱ्या दिवशी एका गल्लीच्या तोंडाशी बसचा ड्रायव्हर खाली उतरला आणि जेवायला निघून गेला. अभ्यासदौऱ्यात स्थानिक माणूस स्थानिक अन्न खाईल, ही शक्यता उपसमितीने धरली नव्हती. दार उघडं राहिलं आणि त्यातून वास आत आला.

कोपऱ्यावर मोठं पातेलं उकळत होतं. मुळ्याचे तुकडे, चक्रीफूल, आणि बैलाची आतडी, फुफ्फुस, वजडी. बाई चिमट्याने एकेक तुकडा उचलून कात्रीने वाटीत कापत होती. रांगेत टायवाले साहेब, गणवेशातली पोरगी, सोन्याच्या दाताची म्हातारी. कोणीही इकडेतिकडे बघत नव्हतं. कोणी खिडकी लावली नव्हती.

अनुसयाबाई उठल्या.

"अनू, बस खाली," भगवानराव पुटपुटले. "किशोरीताई बघतायत."

"बघू द्या की. अभ्यासालाच आल्यात ना त्या?"

खाली मजीदभाई विडी ओढत उभे होते. ते म्हणाले, "भाभी, ह्या माज्या खान्यातला नाय. हलाल नाय ना. पन मी रांगेत उभा रहातंय तुमच्यासंगती. नायतर ही बाय तुमाला दुप्पट भाव लावंल."

वाटी हातात आली. अनुसयाबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, उघडले.

"मजीदभाई, विचारा तिला, चुन्याने धुती का?"

मजीदभाईंनी हातवारे केले. बाईने पिठाचा डबा दाखवला, मग मिठाचा.

"पीठमीठ चोळते म्हनं."

"चांगली धुतलीय." अनुसयाबाईंनी रस्सा पुन्हा मागून घेतला. मग बसकडे तोंड करून, अख्ख्या अभ्यासमंडळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पण आमच्या आईची याच्याहून मऊ व्हायची!"

भगवानराव दुसऱ्या खिडकीतून पलीकडच्या वस्तीचा अभ्यास करू लागले.

मस्कतला परतल्यावर मंडळाने काहीही कारवाई केली नाही, हे आवर्जून नमूद केलं पाहिजे. मंडळ पुरोगामी आहे. फक्त मस्कतबाहेर बरक्याच्या शेतावरच्या स्नेहसंमेलनाआधी किशोरीताईंचा फोन आला. आवाजात साखर विरघळलेली. "अनुसयावहिनी, दरवेळी किती राबता हो तुम्ही! यंदा जरा आराम करा बरं. फक्त कागदी प्लेट्स आणा. बंद पाकिटातल्या."

अनुसयाबाईंनी प्लेट्स आणल्या नाहीत. चटणी कुटली आणि डबा नेहमीच्या जागी, श्रीखंड आणि बटाटेवड्यांच्या मधोमध ठेवला. लोक श्रीखंडापर्यंत येत, डब्याला लहानसा वळसा घालत आणि वड्यांपाशी पुन्हा रांगेत लागत. कोणी वाईट बोललं नाही. वळसासुद्धा इतका सभ्य होता, की वाटावं तिथे खांब आहे. श्रीखंड संपलं, वडे संपले. चटणीवर चमच्याचा ओरखडासुद्धा नव्हता.

"खलास. चला घरी," अनुसयाबाई म्हणाल्या आणि झाकण लावायला वाकल्या.

भगवानरावांनी त्यांच्या हातातून झाकण घेतलं. "थांब. मला वाढ." मंडळाचे अध्यक्ष दोन हातांच्या अंतरावर उभे होते. "आणि भरपूर वाढ. एसटी स्टँड आमच्या घरापासून लांब होतं. चालून भूक लागायची."

मंडळाला आता विचारण्यासारखं काही नाही; ते उत्तर देत नसतं. प्रश्न वाचणाऱ्याला आहे. या हकिकतीत कोणाचंच आडनाव दिलेलं नाही. तरी तुम्ही अनुसयाबाईंना एक लावून टाकलंत आणि किशोरीताईंनाही. कशावरून लावलंत? आणि त्या दिवशी बरक्याला तुम्ही रांगेत असतात, तर सरळ गेला असतात की वळसा घालून? उत्तर द्या.