जांभळ्या गिटारीच्या चढ्या सुराची हकीकत

श्री नाददेवता प्रसन्न. जी तारेत निजते, नखाने जागी होते, आणि खालच्या मजल्यावरील सुर्वेकाकूंचा दुपारी डोळा लागताच मोठ्याने बोलते, तिला साष्टांग नमस्कार. आपण आज्ञा केली की, "राज्यात विजेची गिटार कशी उपजली, ते साद्यंत लिहिणे," त्यावरून पाहिले-ऐकिले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले असेल तर चवीपुरतेच. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र मास, वार्षिक परीक्षा नुकती आटोपलेली, तेव्हापासोन हकीकत.

एक राज्य होते. तीन खोल्या आणि एक गॅलरी येवढाच मुलूख. पूर्वेस जिना, पश्चिमेस पाण्याची टाकी, खाली सुर्वेकाकू, वर सामाईक गच्ची, ऐशी चतुःसीमा. राज्याचे नाव कोठे सापडत नाही, दारावरची पाटी पुसट जाहली आहे. गादीवर दिगंबरराव महाराज, म्हणजे बाबासाहेब, बहुत शांत पुरुष, बँकेत चाकरीस जात, आणि दसऱ्याचे सवलतीत घेतलेले ड्रिल मशीन त्यांस प्राणाहून प्रिय, त्यास कोणी बोट लावू नये ऐशी सक्त ताकीद. त्या ड्रिलने आजवर एकच भोक पाडिले होते, कॅलेंडराचे. परंतु खरा हुकूम आईसाहेबांचा. त्या घरीच गाण्याचा क्लास चालवीत, आणि तानपुरा घेऊन बसल्या म्हणजे कुकरदेखील शिट्टी जपून देई. उभयतांचे पोटी इरावतीबाईसाहेब, यत्ता आठवी उत्तीर्ण, दोन वेण्या, आवाज खणखणीत. गेल्या सालापर्यंत उत्तर येत असोनही वर्गात हात वर करीत नसत. यंदा काय जाहले कोण जाणे, हात जो वर गेला तो खाली येईचना.

तर शाळेच्या अखेरच्या दिवशी संगीताचे काळसेकर सर यांनी दवंडी पिटली की, सुटी संपताच शाळेच्या बँडची निवड होईल. ते ऐकून शार्दूलराव सरनोबत, वर्गातील बडे सरदार, ज्यांचे वडिलांनी त्यांस परदेशातून चकचकीत गिटार आणून दिली होती, ते बाकावर बसून बोलिले की, "इरा, तू पण ये ना बँडमध्ये. खुळखुळा हलवायला कोणीतरी लागेलच." अवघा वर्ग हसला. बाईसाहेबांनी हात वर केला, मग आठवले की येथे सर नाहीत, म्हणोन तसाच बोलिल्या, "मी गिटार वाजवणार." "कुठली? तुझी ती मावशीकडची उसनी तर परत गेली." "बनवणार." "बनवणार? पोळी आहे का ती?" "पोळी अवघड असते. ती मला येत नाही. गिटार बनवणार." मग शर्थ ठरली की, गिटार न बनल्यास, अथवा बनून बेसूर वाजल्यास, बाईसाहेबांनी वर्षभर शार्दूलरावांचे मागे उभे राहून खुळखुळा हलवावा. वर्गाने बाके वाजवून ग्वाही दिली, आणि बाईसाहेब वाटभर बोटांवर सुटीचे दिवस मोजीत घरी आल्या. पण बोललेले परत गिळता येते होय?

मग स्वयंपाकघरात मसलत बसली. आईसाहेब म्हणाल्या, "घरात तानपुरा आहे, पेटी आहे, आता हे विजेचं खूळ कशाला? आणि भुसा कोण झाडणार?" भुसा हा शब्द ऐकताच बाप-लेकीने छताकडे पाहिले. परंतु बाबासाहेबांचे मन ड्रिलकडे धावले, दुसरे भोक पाडण्याचा योग आला ऐसे त्यांस वाटले, आणि ते हळूच बोलिले, "अगं, दिवसभर मोबाईल बघण्यापेक्षा बरं." येणेप्रमाणे परवानगी जाहली, म्हणजे आईसाहेब "करा काय करायचं ते" म्हणाल्या, ती परवानगीच समजली.

मग लाकडाच्या वखारीवर स्वारी केली. वखारवाल्या शेठांनी पुसिले, "काय, चौरंग करायचाय?" बाईसाहेब म्हणाल्या, "गिटार." शेठांनी चष्मा वर केला, एकवार बाबासाहेबांकडे पाहिले, मग शिवणीच्या झाडाची फळी काढून तिजवर बोटाचे पेर वाजविले आणि म्हणाले, "ही घ्या ताई. हलकी पण आहे आणि बोलते पण." कागदावर आकार काढून नेला होता, त्याबरहुकूम वखारीतच मशीनवर कापून घेतला, आणि गिटारीची मान मात्र तयार मागविली, कारण मानेवरचे पडदे, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसविणे हे काम पहिल्या खेपेस करू नये ऐसे सर्व जाणते सांगतात. तारेची थरथर पकडून तिची वीज करणारी चुंबके, ज्यांस पिकअप म्हणतात, तीही कुरिअरने आली. आणि मग घासणे सुरू जाहले. गॅलरीत बैसोन आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग मऊ, मग त्याहून मऊ, बोटांचे ठसे झिजले, वेण्यांत भुसा, भाजीत भुसा, एकदा तर तानपुऱ्याच्या भोपळ्यावरही भुसा, त्या दिवशी राज्यात कोणी कोणाशी बोलले नाही.

वैशाख लागला आणि रंगाची तयारी जाहली. पिकल्या जांभळाचा रंग, त्यावर चकाकीस लॅकर, दोन्ही फवारणीचे डबे. रंगास धूळ लागू नये म्हणोन गच्चीवर कूच केले, आणि सर्व ठीक होते, परंतु वारा फितूर जाहला. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुर्वेकाकूंच्या कुरडया वाळत होत्या, त्यांजवर जांभळा ढग जाऊन बैसला. सुर्वेकाकू वर आल्या आणि किंचाळल्या, "अगो बाई! माझ्या कुरडयांना काय रोग झाला?" बाईसाहेब म्हणाल्या, "काकू, सॉरी, पण रंग कसला भारी आलाय ना?" "भारी? तळून तुला खायला घालू का?" मग तह जाहला की, कुरडयांचा नवा घाणा बाईसाहेबांनी स्वहस्ते सोऱ्या फिरवून पाडावा. पाडिला. दंड भरून आले, आणि रंगाचे हात चढत गेले, आणि त्यावर लॅकरचे हात, आणि वाळल्यावर पाण्याने घासून, कापडाने चोळून, ऐसे तेज आले की बाबासाहेब त्यात पाहून भांग पाडू लागले.

आता जोडणी. मान बसविली, चुंबके बसवून त्यांच्या वायरी जोडिल्या, आणि उरली घोडी, म्हणजे जिजवर तारा टेकतात ती पट्टी. मानेच्या वरच्या टोकापासून घोडीपर्यंत साडेपंचवीस इंच अंतर नेमके पाहिजे. त्यात कमीजास्त जाहले तर सूर जागी बसत नाही. बाबासाहेबांची स्टीलची टेप गंजून तोंड उघडीना, सबब आईसाहेबांच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप आणिली. बाईसाहेबांनी एक टोक मानेवर धरले, बाबासाहेबांनी दुसरीकडे आकडा वाचला, आणि खास ड्रिल पेटीतून काढून, त्यास नमस्कार करून, सहा भोके पाडिली. घोडी बसली, तारा चढल्या, मोबाईलवरचे सूर लावण्याचे ॲप सहाही तारांस हिरवे जाहले, आणि बाईसाहेबांनी गिटार घरच्या स्पीकरास जोडून पहिला झंकार केला. काय वर्णावे! खिडक्यांच्या काचा थरारल्या, सुर्वेकाकूंनी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकले, बाबासाहेब टाळ्या पिटू लागले. शाळा उघडली होती, दुसरे दिवशी निवड होती, सर्व काही मुठीत आले होते.

इतक्यात आईसाहेब हाती झारा घेऊन बाहेर आल्या. "इरा, परत वाजव. वर जा. आणखी वर." बाईसाहेब वर गेल्या. आईसाहेबांनी तोंड ऐसे केले की जणू दातात खडा आला. "चढतोय." "आई, ॲप हिरवं आहे!" "ते मोकळ्या तारेला. वर बेसूर आहे." "तुला विजेचं वाद्य आवडत नाही म्हणून तू—" "मला आवडत नाही हे वेगळं, आणि सूर चढतोय हे वेगळं," ऐसे म्हणोन आईसाहेबांनी झारा बाबासाहेबांचे हाती दिला आणि मानेवरच्या मधल्या पडद्यावर बोट ठेवून तार छेडिली. "इथे अर्धी तार होते ना? मग वरचा सा यायला हवा. हा सा ओलांडून पलीकडे गेलाय. म्हणजे ही अर्धी नाहीच. कशाने मापलंत?" टेप दाखविली. आईसाहेबांनी ती पाहिली आणि कपाळास हात लाविला. "अहो, ही टेप एकपासून सुरू होते. पहिला इंच उसवला होता, म्हणून मी कापून टाकला. मी नेहमी एक वजा करते." बाबासाहेब म्हणाले, "मग सांगायचं नाही का?" "तुम्ही दोघं कधी ब्लाउज बेतणार होतात?"

घोडी मानेकडे एक इंच पुढे उभी राहिली होती. ती मागे न्यावी, तर जुनी सहा भोके त्या आरशासारख्या जांभळ्या अंगावर उघडी पडणार, आणि पुन्हा रंग देऊन वाळवावे तर निवड उद्या. न न्यावी, तर गिटार रूपवती, पण बेसूर, आणि बेसूर म्हणजे वर्षभर खुळखुळा. बाईसाहेबांचे डोळ्यांस पाणी आले. ते लॅकरच्या वासाने आले ऐसे समजावे. बाबासाहेब काकुळतीस येऊन म्हणाले, "खालचे खालचे सूरच वाजव ना. कोणाला कळतंय?" बाईसाहेब कितीक वेळ आपल्या गिटारीत आपलेच तोंड पाहत राहिल्या, आणि मग डोळे पुसून म्हणाल्या, "मला कळतंय. आता कळलं ना. बाबा, ड्रिल द्या." "मी करतो, तू—" "नाही. मी." बाबासाहेबांनी आजवर जे कोणास दिले नाही ते ड्रिल लेकीचे हाती दिले आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. घर्रर्र जाहले, सहा वेळा जाहले. जुन्या भोकांत भुसा आणि गोंद भरिला, तरी जांभळ्यात पांढुरके ठिपके दिसावयाचे ते दिसले. आणि मग आईसाहेबांनी तानपुरा जुळविला, त्यावर बाईसाहेबांनी गिटार लाविली, मधल्या पडद्यावर बोट ठेवून तार छेडिली, आणि वरचा सा तानपुऱ्यात ऐसा मिळाला की कोणता कोणाचा ते कळेना. आईसाहेब येवढेच बोलिल्या, "हं. आता जेवायला चला."

दुसरे दिवशी बाबासाहेबांनी आईसाहेबांस चोरून लेकीचे दप्तरात फुलाफुलांचे स्टिकर घातले, भोके झाकावयास. शाळेच्या हॉलात शार्दूलरावांनी आधी वाजविले, आणि खरे ते लिहावे, बहुत जलद आणि सफाईने वाजविले. मग बाईसाहेब गिटार घेऊन उठल्या तेव्हा शार्दूलराव बोलिले, "हे काय, उंदरांनी खाल्ली का गं?" वर्ग हसला. बाईसाहेबांचा हात दप्तराकडे गेला, स्टिकरांस लागला, आणि रिकामाच परत आला. मग त्यांनी वाजविले. खालून सुरुवात केली आणि सावकाश वर गेल्या, सर्वांत वर, जेथे काल सूर निसटत होता तेथे जाऊन मुद्दाम थांबल्या आणि ती तार तशीच वाजत ठेविली. काळसेकर सर म्हणाले, "सुरात आहे. कुठल्या कंपनीची?" "घरची आहे, सर." सरांनी जवळ येऊन पाहिले, मग दोन नावे लिहिली, गिटारीस सरनोबत आणि गिटारीस इरावती, आणि खुळखुळा म्हणाले पहिलीतल्या पोरांना देऊ.

जिन्यात शार्दूलरावांनी गाठिले. "खरंच तू केलीस?" "हो." "ती भोकं डिझाइन आहे ना?" येथे बाईसाहेबांस हो म्हणता आले असते, आणि शार्दूलरावांनी ते मानिलेही असते. "नाही. चुकीच्या जागी पाडली होती. मग बरोबर जागी पाडली." शार्दूलराव दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि वळून म्हणाले, "माझी मी कधी उघडूनसुद्धा बघितली नाही. बाबा ओरडतील. पण नवी करायची तर मला शिकवशील?"

येणेप्रमाणे गिटारीची मोहीम फत्ते पावली. सुर्वेकाकूंस कुरडया पोचल्या, ड्रिल मशीनवर आता दोघांचा हक्क आहे, भुसा कोणी झाडावा याचा निकाल अद्याप लागला नाही. शार्दूलराव दर रविवारी गॅलरीत बैसोन फळी घासतात, घामाघूम होतात, आणि पुसतात, "झालं?" बाईसाहेब फळीवरून बोट फिरवितात, डोळे मिटतात, आणि म्हणतात, "अजून."