किल्लीवाल्याचे चार चेहरे

स्टुडिओच्या जाहिरातीत आपली माणसं दिसली की लोकांचा विश्वास बसतो, असं भाचीने सांगितलं आणि फोटोवाल्याने नेमकं तेवढंच ऐकलं.

तिचं म्हणणं पुढेही होतं. आसपास चार देशांतून आलेली, चार भाषा बोलणारी वस्ती. ज्याला त्याला आपल्या भाषेतली जाहिरात मोबाइलवर दाखवायची आणि तीत त्यांच्यातलंच एखादं गिऱ्हाईक हसताना दिसायला हवं. "विचारून, परवानगी घेऊन हं, मामा!" एवढं बजावून ती कामावर गेली.

विचारायला जायचं म्हणजे ओळख हवी. फोटोवाल्याने वस्तीतला प्रत्येक चेहरा पासपोर्टसाठी टिपलेला, पण कोण कुठे राहतं याचा पत्ता नाही. त्याच्याकडे होती ती स्टुडिओतली पेटी. तीत कोट, टोप्या, मफलर आणि चार मिश्या. शेजारच्या दुकानात होता किल्लीवाला, वीस वर्षांचा मित्र. त्याला कधी कुणाला नाही म्हणता आलं नाही.

"हे बरं दिसेल का रे?" मिशी चिकटवून घेत किल्लीवाल्याने विचारलं.

"अरे, यांची जाहिरात त्यांना दिसतच नाही. ज्याची त्याला."

"पण मी तर रोज सगळ्यांनाच दिसतो."

"बोलू नकोस, मिशी सुटेल."

पहिला आठवडा झकास गेला. फोटोवाल्याच्या बाकावर जागा पुरेना. येणारा मात्र जाताजाता शेजारी डोकावू लागला. "तुम्ही आमच्यातले, आणि इतकी वर्षं कळू दिलं नाहीत!" पुढचं सगळं त्यांच्या भाषेत. किल्लीवाला नुसती मान हलवी. अशी मान हलवता हलवता त्याने एका घरच्या मुलीचं स्थळ पसंत केलं आणि दुसऱ्या दोन घरांच्या भांडणात पंच व्हायचं कबूल केलं.

मग एके सकाळी धुलाईच्या दुकानात, मशीन थांबायची वाट बघत चार बायका बसल्या होत्या. एकीने मोबाइल पुढे केला.

"हा बघा, आमच्यातला किल्लीवाला."

"तुमच्यातला? आमच्यातला आहे तो!"

चार मोबाइल शेजारी शेजारी ठेवले गेले. कपडे वाळायच्या आत वस्तीभर झालं.

राग फोटोवाल्यावर निघायला हवा होता. पण चेहरा किल्लीवाल्याचा होता. ज्याच्या तोंडाचा भरवसा नाही, त्याच्या हाती घराची किल्ली कोण देणार? बारा घरांनी कुलपं बदलली, तीही पलीकडच्या गल्लीतल्या माणसाकडून.

"मामा, मी काय सांगितलं होतं?" भाची म्हणाली.

"लिहून घे," फोटोवाला खाली मान घालून म्हणाला. "कल्पना माझी, मिश्या माझ्या. त्याला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी त्याला विचारलं."

चारही भाषांत, त्याच मोबाइलांवर ते गेलं. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीने किल्लीवाल्यापुढे किल्ली आपटली. "तू मूर्ख आहेस, लबाड नाहीस. दोन करून दे." हळूहळू बाकीचेही परतले. फोटोवाल्याकडे मात्र कुणी फिरकेना. एका माणसाला चार करणाऱ्याकडून पासपोर्टचा फोटो काढून घ्यायचा तरी कसा? हा हिशेब त्याला मान्य होता. सलत होतं ते निराळंच. किल्लीवाला सकाळी शटर उघडी, संध्याकाळी ओढी, आणि दोन्ही वेळा इकडे पाठ असे.

तेराव्या दिवशी तो आत आला.

"ओळखपत्र करायचंय. लोक म्हणतात, गळ्यात अडकव, म्हणजे कोण ते कळेल."

"पलीकडच्या गल्लीत फोटो चांगला काढतात," फोटोवाला पुटपुटला.

"गेलो होतो. तिथे बसलो, आणि काढायच्या आधीच उठून आलो."

"मी तुला…"

"आधी फोटो."

तो स्टुलावर बसला. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. वीस वर्षं शेजारी शेजारी दुकानं. दोघे बाहेर रस्त्याकडे तोंड करून गप्पा मारत आलेले. या चेहऱ्याकडे त्याने असं समोरून, मिशीशिवाय, कधी पाहिलंच नव्हतं. केवढा थकलेला होता तो.

पहिला फोटो हलला. दुसराही हलला.

"कॅमेरा बिघडला का?"

"नाही."

किल्लीवाल्याने त्याच्या हातांकडे बघितलं आणि तो स्टुलावर जरा सैल होऊन बसला.

"मग घे तिसरा. मला घाई नाही."