चार किलोची झोप

खट!

पेन्सिलच्या डबीचं झाकण लावावं, एवढासाच आवाज. पण अंगणातल्या त्या शांततेत तो स्पष्ट ऐकू आला, आणि अजून माझ्या कानातून जात नाही. लेक दुपारची झोपलीय, तोवर सांगून टाकते.

त्या आवाजाच्या आधी पाच मिनिटं मी जगातली सगळ्यात कर्तबगार बाई होते! का नसावं? नवऱ्याच्या स्पोर्ट्स कारची बॅटरी मी माझ्या या दोन हातांनी बदलत होते.

नवऱ्याला वजन कमी करायचं वेड आहे. स्वतःचं नव्हे, गाडीचं! दोन सीटची ती लाल गाडी त्याने लग्नाआधी जुनी विकत घेतली आणि तेव्हापासून तो तिला पापडासारखी वाळवतोय. गालिचे काढले, रेडिओ काढला, स्टेपनी काढली. दारांच्या आणि मागच्या काचा काढून हलक्या प्लास्टिकच्या बसवल्या. शेवटी उरली बॅटरी. जुनी अठरा किलोंची, नवी लिथियमची फक्त चार! खोकं आलं त्या दिवशी तो ते छातीशी धरून घरभर फिरला. लेक जन्मली तेव्हा तिला घेऊनही एवढा फिरला नव्हता.

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. "हे बघ, जोर पायातून लावायचा," असं म्हणत त्याने जुनी बॅटरी उचलून बाहेर काढली, आणि कमरेतून कडकन लचकला! बॅटरी फरशीवर, शेजारी तोही फरशीवर.

"डॉक्टरांना बोलावू का?"

"आधी नवी बसव. लाल वायर पहिली, मग काळी."

"सूचनांचं पुस्तक वाचू?"

"बॅटरी बसवायला पुस्तक लागतं होय!"

आमची चार वर्षांची चिमणी एव्हाना ड्रायव्हरच्या सीटवर बसून, हातात किल्ली घेऊन "घुर्रर्र" करत होती. दार लावून घेतलं होतं. म्हटलं बरंच झालं, पायात तरी येत नाही! लाल वायर लावली, नट आवळला. काळी टेकवली, बारीकशी ठिणगी उडाली, आणि तो खट!

मागोमाग भोंगा! तुटलेली वीज परत आली म्हणजे चोरच आला, असा गाडीचा समज. मग तिने दारं आतूनबाहेरून बंद करायची आणि बोंब ठोकायची. दिवे लुकलुकले तशी चिमणीने टाळ्या पिटल्या आणि किल्लीवरचं बटण दाबलं. दिवे आणखी लुकलुकले! पुन्हा दाबलं. दहादा दाबलं.

"नको गं दाबू!"

ती काचेपलीकडून मान डोलवायची आणि दाबायची.

मग एकदम सगळं गप्प. भोंगा नाही, दिवे नाहीत. मी दाराला हिसका दिला. ढिम्म.

"दुसरी किल्ली कुठेय?"





"गाडीतल्या कप्प्यात," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "हरवू नये म्हणून."

ऊन आता टपावर आलं होतं. चिमणीचे केस कपाळाला चिकटायला लागले. अग्निशमन दलाला फोन लावला, तर "वीस मिनिटांत पोचतो!" वीस मिनिटं!

शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या. मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या, पण आवाज अजून नोकरीतच आहे.

"काय चाललंय हे?"

"बाई, चिमणी आत अडकली!"

दुसऱ्या मिनिटाला बाई हातोडा घेऊन हजर.

"फोड काच," नवरा म्हणाला. या गाडीवर कावळा बसला तरी ज्याचा जीव वर येतो, तो माणूस 'फोड' म्हणाला, तेव्हा मी खरी घाबरले. चिमणीला खुणेने पलीकडच्या सीटवर पाठवलं, डोळे झाकायला लावले, आणि सगळा जीव एकवटून हाणला.

टण्!

हातोडा हातातून उडून कुंडीत पडला. काचेवर ओरखडासुद्धा नाही!

"ती फुटत नाही," नवरा पुटपुटला. "जाहिरातीत तिच्यावर हत्ती उभा होता."

"आणि पुढची?"

"दोन थरांची आहे. तडे जातील, भोक पडणार नाही."

आतून चिमणीचा ओठ थरथरला. मी काचेला नाक लावून ओरडले, "खेळ आहे हं, पिल्लू! गंमत आहे!" तोंडाने हसत होते. हात मात्र दाराचं हँडल ओढतच होते.

इकडे बाईंनी खोक्यातून न उघडलेलं पुस्तक काढलं आणि खणखणीत वाचायला घेतलं. "पान पहिलं. अभिनंदन! आपण योग्य निवड केली आहे."

"बाई, पुढे! पुढे!"

"मधलं गाळून वाचता, म्हणून हे असं होतं." तरी त्यांनी पानं भराभर उलटली. "हं. पान सहा. नवी बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी. फार उतरल्यास ती स्वतःला वाचवण्यासाठी झोपी जाते."

"झोपी?"

"मध्ये बोलू नकोस. झाकणावरचं बटण पाच सेकंद दाबल्यास राखीव वीज मिळते. एकदाच."

"एकदाच?"

"ठळक अक्षरात आहे."

एकदाच! आणि किल्लीवर बटणं दोन: एकावर बंद कुलपाचं चित्र, एकावर उघड्या. चिमणीने इतका वेळ दाबलं ते बंदवालं! चुकीचं दाबलं, की पुन्हा भोंगा, पुन्हा झोप, आणि या वेळी कायमची.

मी तिला दोन बोटं दाखवली, मग एक: बटणं दोन, दाबायचं एकच. मग दाताच्या डॉक्टरांसमोर उघडावं तसं तोंड उघडलं. "आऽऽ! तोंड उघडलेलं कुलूप!" तिने बोट नेलं ते नेमकं बंदवर. मी मान हलवली. तिने दुसऱ्यावर नेलं. मीही आऽऽ, तीही आऽऽ.

बॉनेटपाशी नवरा बंपरला धरून, कण्हत कण्हत उभा राहिला होता. "बाई, मी दाबतो." बाईंनी मोजलं, "एक... दोन... तीन..." इतके लांबलचक आकडे मी आयुष्यात ऐकले नव्हते. "पाच!"

"दाब!" मी काचेतून चिमणीला ओरडले.

भोंग्याने जेमतेम 'पों' केलं आणि दार सुटलं.

मी तिला बाहेर ओढलं. घामेजलेल्या मानेवर, कानावर, जिथे ओठ टेकतील तिथे पापे घेतले. फोनवर आता बंब नको म्हणून सांगताना मला हुंदके आवरेनात. नवरा बॉनेटवर ओणवा तो ओणवाच राहिला. सरळ होता येईना. बाईंनी पुस्तक मिटलं.

चिमणीने माझ्या खांद्यावरून आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं. चेहऱ्यावर काळजी होती, आमच्याबद्दलची.

"आई," ती म्हणाली, "मी आत नसते, तर तुम्ही मोठ्या माणसांनी दार कसं उघडलं असतं?"