सासऱ्यांच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर

"प्रोसेसर बदलणं म्हणजे काय हो आई, बल्ब बदलण्यासारखंच!" जावईबापूंनी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं, आणि मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.

जावईबापू एरवी विम्याच्या कचेरीत खुर्ची उबवायचे. पण हातात स्क्रूड्रायव्हर आला की त्यांच्या अंगात यायचं. सासूबाईंची इस्त्री, दारावरची घंटा, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांना त्यांचा हात एकेकदा लागून गेला होता, आणि ती सगळी मंडळी आता माळ्यावर सुखाने नांदत होती. हा लॅपटॉप मात्र सासऱ्यांचा. ते जाऊन दोन वर्षं झाली. संध्याकाळी सासूबाई त्यावर त्यांचे फोटो बघत बसायच्या. हल्ली एकेक फोटो उघडायला तो इतका वेळ लावायचा की तोवर त्यांचा डोळा लागायचा.

"याला काही झालं ना," बायको कानाशी येऊन म्हणाली, "तर मी इथेच राहीन, तुम्ही एकटे परत जा. आईकडे बाबांचं एवढंच उरलंय."

"अगं, माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही!" ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन बाजारात निघून गेली.

घरातला स्क्रूड्रायव्हर शोधायच्या भानगडीत जावईबापू पडलेच नाहीत. ते आले की या घरात स्क्रूड्रायव्हर कधी सापडतच नसे. "असतो हो इथेच कुठेतरी," असं सासूबाई दर वेळी म्हणायच्या. म्हणून या खेपेला त्यांनी स्वतःचाच आणला होता. प्रोसेसरही आणला होता, जुन्या सामानाच्या दुकानातून, वापरलेला. देताना दुकानदार हळूच म्हणाला होता, "मशीन मेलं साहेब, पण हा अजून जिवंत आहे." तेव्हा जावईबापूंना ते वाक्य फार आवडलं होतं.

मागचं झाकण निघालं. पंखा निघाला. नाण्याएवढी चपटी बॅटरीही त्यांनी काढली, कारण मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओतल्या माणसाने काढली होती. जुना प्रोसेसर उचलला, नवा बसवला, त्यावर राखाडी लेप चोपडला, सगळं जागच्या जागी लावलं. एक स्क्रू उरला. तो त्यांनी इकडेतिकडे बघून खिशात टाकला आणि बटण दाबलं. पडद्यावर तारखेबद्दल काहीतरी विचारणा आली. न वाचताच त्यांनी ती पुढे ढकलली. आणि काय सांगावं, लॅपटॉप चालू झाला!

"आई, बघा तर खरं!" असं ते ओरडणार, तेवढ्यात खोलीत कुणीतरी खाकरलं.

जावईबापूंनी मागे पाहिलं. कोणी नव्हतं. कोपऱ्यात सासऱ्यांची खुर्ची होती, रिकामी.

"खिडकी लावून घे," सासरे म्हणाले. "वारं सुटलंय."

तोच घोगरा आवाज! आणि त्याच क्षणी खिडकी धाडकन आपटली.

"लावते हो!" म्हणत सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, खिडकी लावली आणि पदराला हात पुसत परत आत गेल्या. जावईबापूंकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, थांबत होता, पुन्हा घरघरत होता. झोपेत कुणी श्वास घ्यावा तसा.

"चहाचं बघ," आवाज आला. "माझ्यात साखर कमी."

आत कपबशा वाजल्या. जावईबापूंनी दाराआडून डोकावलं. सासूबाई दोन कप भरत होत्या. बायको बाजारात होती. जावईबापू चहा पीत नसत. दुसरा कप कुणासाठी, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

त्यांनी धावत जाऊन प्लग उपसला. पडदा विझला नाही.

"मी आज कुठे जाणार नाही," सासरे सावकाश म्हणाले. "घरीच आहे."

दारात धप्पकन आवाज झाला. बायकोच्या हातातली पिशवी पडली होती आणि लिंबं घरभर घरंगळत होती.

"अहो! हा... हा बाबांचा आवाज! काय केलंत तुम्ही?"

"मी नाही काही केलं! प्रोसेसर वापरलेला होता!"

"कुणी वापरलेला?"

जावईबापू एक पाऊल मागे सरले. "जिवंत आहे म्हणाला होता गं दुकानदार..."

"भूत बघितल्यासारखे काय उभे आहात दोघं?" सासूबाई ट्रे घेऊन आल्या. एक कप त्यांनी लेकीला दिला आणि दुसरा घेऊन लॅपटॉपसमोर बसल्या. "डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा घेतला होता हा त्यांनी. रोजची कामं स्वतःच्या आवाजात भरून ठेवायचे, त्यांचीही आणि माझीही. सुरू केला की त्या दिवसाची कामं थांबत थांबत बोलून दाखवायचा. पुढे कानही गेले त्यांचे, मग सगळंच बंद पडलं. तुम्ही कसं हो सुरू केलंत?"

जावईबापूंनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची होती. ती चपटी बॅटरी काढल्यावर लॅपटॉपचं घड्याळ सगळं विसरलं होतं आणि थेट खरेदीच्या सालात जाऊन बसलं होतं!

त्यांच्या जिवात जीव आला. छातीही परत फुगली. "हात्तिच्या! एवढंच होय? तारीख चुकलीय फक्त. आत्ता दुरुस्त करतो!"

आणि केलीसुद्धा. लॅपटॉप बंद करून चालू केला. आवाज आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हात लावलेली वस्तू खरोखर दुरुस्त झाली होती. शाबासकीसाठी त्यांनी वर पाहिलं.

सासूबाईंचा कप हातातच राहिला होता. "गेले?" त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

"अहो," बायको रडवेल्या आवाजात म्हणाली, "बिघडवा ना ते परत! तुम्हाला येतं की!"

लग्न झाल्यापासून असा विश्वास तिने पहिल्यांदाच दाखवला होता. जावईबापूंनी जुनी तारीख परत घातली. पंखा घरघरला. तिघंही श्वास रोखून बसले. काहीच होईना. सासूबाईंनी मान खाली घातली.

मग कुणीतरी खाकरलं.

"खिडकी लावून घे."

"लावली हो," सासूबाई म्हणाल्या. चहाचं झालं, घरीच असल्याचं झालं. त्या प्रत्येकाला उत्तर देत होत्या, रडत होत्या आणि हसतही होत्या. जावईबापूंनाही भरून आलं.

"आणि हे बघ," सासरे आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या जावईबापू येताहेत. स्क्रूड्रायव्हर पिठाच्या डब्यात लपव. मागच्या वेळेसारखं विसरू नकोस."

"हो हो, लगेच," म्हणत सासूबाई सवयीने उठल्या, टेबलावरचा जावईबापूंचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि आत गेल्या. पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं.

खिशातल्या उरलेल्या स्क्रूबद्दल जावईबापू मग कोणाशी काही बोलले नाहीत.